पाण्याची पारख

पाणी डोळ्यांना नितळ दिसले आणि जिभेला गोड लागले, म्हणजे ते पिण्यास योग्य होय, अशी माणसाची फार जुनी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात ही समजूत माणसाला फार महाग पडू लागली. युरोपात आणि अमेरिकेत ठिकठिकाणी कारखाने निघाले. खेड्यांतील माणसे पोटासाठी शहरांकडे लोटली. पाहता पाहता शहरे फुगली. पण त्यांतील सांडपाण्याची व्यवस्था मात्र जुनीच राहिली. वरच्या गावाची घाण नदीत जाई आणि खालच्या गावचे लोक त्याच नदीचे पाणी भरत. घराच्या अंगणात विहीर असे आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर शौचकूप असे. विषमज्वर आणि पटकी यांसारखे रोग दरवर्षी घरोघर शिरत आणि कित्येक मुलामाणसांना घेऊन जात. पेल्यातील पाणी मात्र पूर्वीसारखेच नितळ दिसे.

नितळ पाण्यात दडलेला हा शत्रू ओळखण्याचे काम ज्या थोड्या लोकांनी अंगावर घेतले, त्यांत एलन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकन विदुषीचे स्थान फार वरचे आहे. नगरातील पाणी, हवा व सांडपाणी यांची व्यवस्था लावून लोकांचे आरोग्य राखणाऱ्या विद्येला आरोग्य-अभियांत्रिकी असे म्हणतात. या विद्येचे पद्धतशीर शिक्षण अमेरिकेत ज्यांच्या परिश्रमाने उभे राहिले, त्यांपैकी एलन ही एक होय. परंतु हे कार्य तिला सहजासहजी सापडले नाही. आपण कशासाठी जन्मलो आहोत, हा प्रश्न तिला तिशीच्या उंबरठ्यापर्यंत छळत होता.

एलनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील डनस्टेबल या खेड्यात झाला. ती आईबापांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिची प्रकृती नाजूक होती. तिला मोकळ्या हवेत वाढवावे, असा सल्ला वैद्यांनी दिला. त्यामुळे शेतातील कामे, गुरांची निगा आणि रानातील भटकंती हीच तिची पहिली शाळा झाली. अक्षरओळख आणि गणित तिला आईवडिलांनी घरीच शिकवले. शिवणकाम आणि स्वयंपाक यांतही ती तरबेज होती. एका जत्रेतील प्रदर्शनात तिच्या भरतकामाला आणि तिने भाजलेल्या पावाला बक्षिसे मिळाली होती. जे करायचे ते नीट मोजूनमापून आणि नेटके करायचे, हा गुण तिच्या हाताला असा बालपणीच लागला.

१८५९ साली तिचे वडील वेस्टफर्ड गावी राहावयास गेले. तेथे त्यांनी दुकान थाटले आणि एलनला तेथील विद्यालयात घातले. सकाळी विद्यालय, सायंकाळी दुकानाचा हिशेब आणि रात्री आईचे घरकाम, असा तिचा दिनक्रम असे. विद्यालयातील शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळी मुलींना उच्च शिक्षण देणारी महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकीच होती आणि एलनच्या घरी पैशाची विपुलता नव्हती. तिने शाळेत शिकवले, शिकवण्या केल्या, लोकांच्या घरची झाडलोट आणि स्वयंपाकही केला. पै पैसा गाठीला बांधत असतानाच आजारपण आले. मनाला उदासीनतेने घेरले. आपले आयुष्य असेच वाया जाणार, असे तिला वाटू लागले. तरीही तिने ध्यास सोडला नाही. सुमारे ३०० डॉलर साठताच १८६८ साली ती न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर महाविद्यालयात दाखल झाली. तेव्हा तिचे वय पंचवीस वर्षांचे होते. इतर मुली तिच्यापेक्षा कितीतरी लहान होत्या. पण ज्ञानाची भूक लागलेल्या माणसाला वयाची लाज वाटत नाही.

व्हॅसरमध्ये तिच्यापुढे दोन वाटा उभ्या राहिल्या. मारिया मिचेल या तेथे खगोलशास्त्र शिकवीत. १८४७ साली त्यांनी दुर्बिणीतून एक नवा धूमकेतू शोधून काढला होता आणि त्यांचे नाव सर्वत्र गाजत होते. त्यांच्या सहवासात एलनला आकाशाचे वेड लागले. रात्ररात्र जागून ती ताऱ्यांचे वेध घेई. दुसरीकडे चार्ल्स फॅरर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. विज्ञान हे लोकांच्या रोजच्या अडचणी दूर करण्यासाठी राबले पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. ते विद्यार्थिनींना भोवतालच्या नित्याच्या वस्तूंचे पृथक्करण करावयास लावीत.

एलनला दोन्ही विषय सारखेच प्रिय होते आणि दोन्हींत तिची गती उत्तम होती. अशा वेळी निवड करणे फार कठीण असते. ज्या विषयात आपली बुद्धी चालते तो आपला विषय, एवढेच उत्तर तिला पुरेसे वाटेना. आपल्या हातून घडणारे काम कोणाच्या उपयोगी पडेल, हाही प्रश्न तिने स्वतःला विचारला. आकाशातील तारे सुंदर होते, पण तिचा जीव पृथ्वीवरच्या घरांत गुंतलेला होता. दुकानात, शेतात आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत तिने माणसांची जी धडपड पाहिली होती, ती तिला विसरता येत नव्हती. तिने रसायनशास्त्र निवडले. खगोलशास्त्राविषयीचे तिचे प्रेम मात्र कायम राहिले.

१८७० मध्ये पदवी मिळाली, परंतु एवढ्याने वाट मोकळी झाली नाही. रसायनशाळेत उमेदवारी करावी म्हणून तिने बॉस्टनमधील एका व्यवसायसंस्थेकडे विनंती केली. तेथे शिकाऊ उमेदवार घेत नसत. तिने मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत प्रयत्न करावा, असे त्यांनी सुचवले. ही संस्था १८६१ साली स्थापन झाली होती आणि तेव्हा ती बॉस्टन शहरात होती. तेथील नियमित अभ्यासक्रमात आजवर एकाही स्त्रीला प्रवेश मिळालेला नव्हता. एलनने अर्ज केला. बरीच चर्चा होऊन डिसेंबर १८७० मध्ये तिला खास विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला आणि तोही विनामूल्य. तिला वाटले, आपली गरिबी पाहून ही सवलत दिली असावी. खरे कारण तिला पुढे कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनी नव्हेच, असे संस्थेच्या अध्यक्षांना म्हणता यावे, यासाठी तिच्याकडून शुल्क घेतले नव्हते!

१८७१ च्या आरंभी ती शिकू लागली आणि त्याच वर्षी तिच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. आगगाडीच्या अपघातात तिचे वडील वारले. आईचा सारा भार तिच्यावर आला. इतकी वर्षे कष्ट करून मिळवलेले शिक्षण सोडावे की काय, असा प्रसंग होता. तिने शिक्षणही सोडले नाही आणि आईलाही अंतर दिले नाही. प्रयोगशाळेत तिला पुरुष विद्यार्थ्यांपासून वेगळे बसवीत. तिने त्याबद्दल कुरकुर केली नाही. प्रयोगशाळा झाडूनपुसून ठेवणे, कोणाचे फाटलेले शिवून देणे, अशी बारीकसारीक कामेही तिने आनंदाने केली. हळूहळू तिच्याविषयीचा संशय मावळला आणि तिच्या अचूक हाताची सर्वांना खात्री पटली. १८७३ साली या संस्थेची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिला पुढे डॉक्टरेटसाठी अभ्यास करावयाचा होता. परंतु स्त्रीला तो मान देण्यास संस्था तयार झाली नाही.

तिच्या आयुष्याची दिशा याच काळात ठरली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ मध्ये एक आरोग्य मंडळ नेमले होते. १८७२ साली या मंडळाने राज्यातील पाणी तपासण्याचे काम प्राध्यापक विल्यम निकल्स यांच्याकडे सोपवले. निकल्स यांना अत्यंत काटेकोर हाताची गरज होती. त्यांनी पृथक्करणाचे काम एलनला दिले. नद्यांचे, तळ्यांचे आणि विहिरींचे पाणी बाटल्यांतून येऊ लागले. त्या कामात चमत्कार नव्हता आणि कीर्तीही नव्हती. तीच मोजणी, तीच नोंद, पुन्हा तीच मोजणी. कित्येक नमुन्यांना दुर्गंधी येई. एखाद्याला हे काम आठ दिवसांतच कंटाळवाणे वाटले असते. एलनला मात्र प्रत्येक बाटलीमागे एक गाव दिसे. आपण घाई केली, एक आकडा चुकीचा लिहिला, तर त्या गावातील मुले दूषित पाणी पीत राहतील, ही जाणीव तिला कधी सोडून गेली नाही. हेच आपले काम, अशी तिची खूणगाठ पटली. ही खूणगाठ नुसता विचार करून पटली नव्हती. प्रत्यक्ष काम करून पटली होती.

४ जून १८७५ रोजी तिचा विवाह त्याच संस्थेतील खनिकर्माचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी झाला. पतिपत्नी दोघेही विज्ञानाचे उपासक. त्यांनी आपले घर हीच एक प्रयोगशाळा बनवली. घरात हवा कशी खेळती राहील, विहिरीच्या पाण्यात सांडपाणी झिरपते की काय, चुलीचा धूर कसा बाहेर जाईल, याची पारख ती दोघे आपल्याच घरात करून पाहत. लोकांना जे सांगावयाचे, ते आधी स्वतः आचरून पाहावयाचे, असा त्यांचा बाणा होता.

आपल्याला जे दार मोठ्या कष्टाने उघडले, ते इतर मुलींना सहज उघडावे, अशी एलनबाईंची तळमळ होती. त्यांच्या प्रयत्नांनी १८७६ साली संस्थेत स्त्रियांसाठी एक स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे त्यांनी वेतन न घेता शिकवले. उलट दरवर्षी पदरचे पैसे घातले. पुढे संस्थेने मुलींना इतर विद्यार्थ्यांप्रमाणे प्रवेश देण्यास आरंभ केला आणि १८८३ मध्ये या वेगळ्या प्रयोगशाळेचे प्रयोजन संपले. ज्यासाठी सात वर्षे झटल्या ते साध्य झाले. पण त्यामुळेच एलनबाईंच्या हाताला काम उरले नाही. वयाच्या चाळिशीत त्यांना पुन्हा एकदा पुढे काय, हा प्रश्न पडला. सुदैवाने १८८४ साली संस्थेत आरोग्य-रसायनाची प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तेथे अध्यापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढील सत्तावीस वर्षे, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत, त्या याच पदावर होत्या.

१८८७ साली त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य सुरू झाले. आरोग्य मंडळाने राज्यातील सर्व नद्या, तळी आणि पिण्याचे साठे तपासण्याचे ठरवले. इतक्या विस्ताराची पाहणी अमेरिकेत यापूर्वी झाली नव्हती. प्राध्यापक टॉमस ड्राउन हे या कामाचे प्रमुख होते आणि प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष कामाची धुरा एलनबाईंनी वाहिली. दोन वर्षांत २०,००० हून अधिक नमुने तपासण्यात आले. बाटल्या घेणे, त्यांवर खुणा करणे, पृथक्करण करणे, आकडे तपासून नोंदवणे, हे सारे काम त्यांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालवले.

या पाहणीतून एक नामी युक्ती हाती आली. समुद्रावरून वाहणारा वारा आपल्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण आणतो. पावसाबरोबर ते जमिनीवर उतरतात. म्हणून किनाऱ्याजवळच्या निर्मळ पाण्यातही थोडे मीठ असते आणि किनाऱ्यापासून जसजसे आत जावे, तसतसे त्याचे प्रमाण घटत जाते. माणसाच्या मलमूत्रात आणि स्वयंपाकघराच्या सांडपाण्यातही मीठ असते. हे पाणी जमिनीत मुरताना त्यातील इतर घाण गाळली गेली, तरी मीठ नाहीसे होत नाही. मग एखाद्या गावच्या पाण्यात त्या जागी असावयास हवे त्यापेक्षा अधिक मीठ आढळले, तर त्यात सांडपाणी मिसळत आहे, असे समजावे!

मीठ मोजण्याची रीतही सोपी होती. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट या क्षाराचा द्राव थेंबथेंब सोडला, की मिठाशी त्याचा संयोग होऊन पांढरा साका बनतो. किती द्राव लागला, यावरून मिठाचे प्रमाण काढता येते. अशा हजारो मापनांवरून राज्याचा एक नकाशा तयार करण्यात आला. ज्या ज्या ठिकाणच्या शुद्ध पाण्यात मिठाचे प्रमाण सारखे होते, ती ठिकाणे रेषांनी जोडण्यात आली. किनाऱ्याला साधारण समांतर अशा त्या रेषा एकीमागून एक आत सरकत गेल्या. आता कोणत्याही विहिरीच्या पाण्याचा आकडा या नकाशाशी ताडून पाहिला, की ती विहीर निर्दोष आहे की संशयास्पद, याचा अंदाज येई. डोळ्यांना जे दिसत नव्हते, ते आकड्यांनी दाखवून दिले.

परंतु दोष दाखवला म्हणजे काम संपत नाही. तो दूर करावा लागतो. मेरिमॅक नदीच्या काठी लॉरेन्स नावाचे कारखान्यांचे शहर आहे. वरच्या बाजूच्या लोवेल शहराचे सांडपाणी नदीत मिसळे आणि तेच पाणी लॉरेन्सचे लोक पीत. विषमज्वराने तेथे अनेक बळी घेतले. आरोग्य मंडळाने १८८७ साली लॉरेन्स येथे एक प्रयोग-केंद्र उघडले. पाणी वाळूच्या जाड थरांतून सावकाश झिरपू दिले, तर त्यातील बहुतेक रोगजंतू मागे अडकतात, हे तेथील प्रयोगांनी सिद्ध केले. १८९३ साली शहरासाठी वाळूची मोठी गाळणी बांधण्यात आली आणि विषमज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. रसायनशास्त्राने धोका ओळखावा, जीवशास्त्राने जंतूंचा माग काढावा आणि अभियंत्याने गाळणी व नळ बांधावेत, अशी तीन विद्यांची सांगड येथे पडली.

ही सांगड घालू शकणारी माणसे तयार करणे आवश्यक होते. म्हणून १८९० च्या सुमारास संस्थेत आरोग्य-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेतील अशा प्रकारच्या आरंभीच्या अभ्यासक्रमांपैकी तो एक होता. विद्यार्थ्याला गणित, जलप्रवाहाचे नियम आणि बांधकाम हे विषय शिकावे लागत. प्राध्यापक विल्यम सेजविक जंतुशास्त्र शिकवीत. एलनबाईंकडे पाणी, सांडपाणी आणि हवा यांचे पृथक्करण होते. मोठे पूल व उंच इमारती उभारून नाव मिळवण्याची हौस ज्याला असे, त्याला ही वाट फारशी मोहवीत नसे. आरोग्य-अभियंत्याचे बांधकाम बहुधा जमिनीखाली असते आणि त्याचे यश म्हणजे न आलेली साथ. ती कोणाला दिसत नाही. घाणीचा तिटकारा न धरता तिचा अभ्यास करण्याची तयारी, तेच माप शंभर वेळा तितक्याच काळजीने घेण्याची चिकाटी आणि अनोळखी माणसांविषयी जिव्हाळा ज्याच्या ठायी असेल, त्यानेच या कामाला हात घालावा. बुद्धी हवीच, पण नुसती बुद्धी येथे पुरत नाही. एलनबाईंचे स्वतःचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर रोज होते.

त्यांच्या संस्थेतून पदवी घेतलेल्या जॉर्ज फुलर यांनी पुढे जर्सी सिटी या शहराच्या पाण्यासाठी क्लोरीन मिसळण्याची यंत्रणा आखली. १९०८ मध्ये ती सुरू झाली आणि अमेरिकेतील शहरांना पाणी निर्जंतुक करण्याचा मार्ग सापडला.

एलनबाईंनी हे ज्ञान प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडून ठेवले नाही. स्वयंपाक आणि स्वच्छता यांमागील रसायनशास्त्र सांगणारे त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये निघाले. हवा, पाणी आणि अन्न यांचा आरोग्याच्या दृष्टीने विचार करणारा ग्रंथ त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिला; तो १९०० साली प्रसिद्ध झाला. गृहविज्ञान या विषयाला शिक्षणात मानाचे स्थान मिळवून देण्यासाठीही त्या झटल्या. १९०८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन गृहविज्ञान संघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ज्या संस्थेत त्यांनी हयात घालवली, तेथे त्यांना प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. त्या अखेरपर्यंत अध्यापिकाच राहिल्या. तरुणपणी नाकारलेली डॉक्टर ही पदवी त्यांना १९१० साली स्मिथ महाविद्यालयाने सन्मानपूर्वक दिली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ३० मार्च १९११ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

आपल्याला कोणते काम साजेल, हा प्रश्न प्रत्येक तरुणाला एक ना एक दिवस पडतो. एलन रिचर्ड्स यांना तो तीन वेळा पडला: पैशावाचून अडलेल्या मुलीला, दोन प्रिय विषयांमध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला आणि हातचे काम संपलेल्या प्रौढ शिक्षिकेला. प्रत्येक वेळी त्यांनी आपली आवड, आपली कुवत आणि लोकांची गरज या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या आणि मग समोर आलेले काम हाती घेऊन आपली निवड पारखून घेतली. सकाळी तोटी उघडून निर्धास्तपणे पाण्याचा पेला भरणाऱ्या मुलांना त्यांचे नाव बहुधा ठाऊक नसते. त्या निर्धास्तपणातच त्यांच्या श्रमांचे सार्थक आहे.